रिकाम्या जागेवर पास

प्रोग्राम सुरू केला आणि मी कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही.

"काका, पंखा बंदच आहे ना?"

"बंदच आहे की," गांगुर्डेकाका डब्यातली भाकरी मोडत म्हणाले. "जेवायच्या टायमाला कोण चालू ठेवतंय? का ओ मॅडम?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

पडद्यावर सगळं यथासांग चाललं होतं. एकेक ओळ हिरवी होत खाली सरकत होती आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'पास' उमटलं. मी प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला आणि या वेळी कपाटाच्या पत्र्याला कान लावला. आत शुकशुकाट होता.

हे कपाट म्हणजे आमच्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कंपनीचा जीव होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ठेवतात ना काचेच्या पेटीत, तिची ऊब राखणारं कार्ड आम्ही बनवायचो. पेटी गार पडली तर हीटर चालू, जास्त तापली तर बंद. हे काम त्या कार्डाचं. कार्ड बनलं की तपासणीच्या बेंचवर यायचं. मीटर एकच आणि कार्डावर तपासायच्या जागा ढीगभर, म्हणून मध्ये, या कपाटात, एक स्विच मॉड्यूल बसवलेलं. त्याच्या पोटात बारीक बारीक रिले, म्हणजे विजेनं उघडमीट होणारे स्विच. प्रोग्राम सांगेल तसा एकेक रिले जोडला जायचा आणि मीटर त्या त्या जागेपर्यंत पोचायचा. प्रोग्रामनं मॉड्यूलशी बोलणं सुरू केलं, आमच्या भाषेत सेशन उघडलं, की मॉड्यूल आधी सगळे रिले सोडवून घ्यायचं. त्याचा पत्र्यावर मूठभर साबुदाणा सांडल्यासारखा आवाज यायचा. एरवी सोल्डरिंगचा धूर ओढणारा पंखा इतका घोंघावत असायचा की शेजारचा माणूस ओरडला तरी कळायचं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत पंखा बंद झाला की तो आवाज स्वच्छ यायचा.

त्या दिवशी आला नाही, आणि तरी कार्ड पास झालं.

मी त्या कंपनीत क्वालिटीची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली मीच. तयार कार्डांच्या प्रत्येक खोक्यावर माझी सही असल्याशिवाय माल गेटबाहेर जायचा नाही. माझ्या पाठीमागे सगळे मला सीआयडी म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. माणूस सरळ बोलला की मला वाटायचं, हा इतका सरळ का बोलतोय. बारा-पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. स्वभाव तसाच आहे, फक्त आता मी तो जरा जपून वापरते.

"काका, दसऱ्यापासून एक तरी कार्ड नापास झालंय का?"

"न्हाय," बेंचवर बसणारे काका अभिमानानं म्हणाले. "एक बी न्हाय."

"नवल नाही वाटत तुम्हाला?"

"त्यात काय नवल? यंदा पूजा मनापासून केली." त्यांनी हनुवटीनंच पडद्याकडे खूण केली. खंडेनवमीला त्यांनी कपाटाला, मीटरला, पडद्याला, सगळ्यांना गंध-हळदीकुंकू लावलं होतं. इतर ठिकाणचं वाऱ्यानं, हातानं झडून गेलं, पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला जाड टिळा खपली धरून बसला होता. पूजेचा टिळा पुसायचा नसतो, तो आपोआप जायला हवा, असा काकांचा दंडक. झाडूवाल्या बाईलासुद्धा त्यांनी पडदा पुसू दिला नव्हता.

पूजेवर माझा विश्वास आहे. आमच्या कार्डांवर मात्र नव्हता. शंभरातली तीन-चार तरी पहिल्या फेरीत आपटायचीच. कुठे टाका कच्चा, कुठे भाग उलटा बसलेला. दसऱ्यानंतरची खोकी सह्या करून मी पाठवली तेव्हाही मनात आलं होतं की हे जरा जास्तच चांगलं चाललंय. पण दिवाळीच्या आधी माल पोचवायची घाई होती. आता कपाटाला कान लावून उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला, यशोधन कोठावदेचा.

बेंचचा प्रोग्राम कोठावदेनं लिहिला होता. शिरपूरकडचा मुलगा, हुशार, अंगानं काटकुळा, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. महिनाअखेरीस त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरणार होतं, आणि ते ठरणार होतं दिवाळीआधी माल गेला की नाही यावर. त्याचं लग्नही त्यावरच अडलं होतं. मुलीकडच्यांनी सांगितलं होतं की आधी कायम झाल्याचं पत्र दाखवा, मग साखरपुडा. हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं, कारण तो जिन्यात उभा राहून तिच्याशी फोनवर बोलायचा आणि जिन्यात आवाज घुमायचा.

म्हणजे कार्डं धडाधड पास होण्यात फायदा कुणाचा होता? हिशेब सरळ होता. मी त्याच्या टेबलाशी गेले. मला बघताच त्यानं पडद्यावरची खिडकी झटकन खाली केली.

"काय चाललंय?"

"काही नाही मॅडम. असंच."

"बेंचच्या प्रोग्राममध्ये काही बदल केलास का?"

"नाही. का?"

"दसऱ्यापासून?"

"दसऱ्याला तर मी गावी होतो मॅडम."

तो कुठे होता हे मी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर देणारा माणूस काहीतरी झाकतो, हा माझा अनुभव. (त्यानं खाली केलेल्या खिडकीत बुद्धिबळ होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र ती खिडकी माझ्या डोक्यात बसली.)

"कार्डं सगळी पास होतायत," मी म्हटलं.

"चांगलं आहे ना मग?"

"हो, फारच चांगलं आहे," मी म्हटलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. त्यानं नजर वळवली. झालं, माझ्यापुरता निकाल लागला.

बेंचच्या ड्रॉवरमध्ये आम्ही मुद्दाम बिघडवलेलं एक कार्ड ठेवलं होतं. त्याचं नाव भोपळा. दर सोमवारी भोपळा लावायचा आणि बेंचनं त्याला नापास केलं तरच बेंच शहाणा धरायचा, असा नियम होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी भोपळा काढला तेव्हा आमचे बागूल साहेब म्हणाले होते, "या आठवड्यात राहू दे, माल अडलाय." मी राहू दिलं होतं. आता तेही मला आठवलं आणि संशयाच्या खुर्चीवर कोठावदेशेजारी साहेबांनाही मी जागा करून दिली.

काका हात धुऊन येईपर्यंत मी भोपळा बेंचवर चढवला आणि बटण दाबलं.

हिरवी ओळ, हिरवी ओळ, हिरवी ओळ. पास.

"अगं बया," काका मागून म्हणाले. "ह्यो तर भोपळा!"

"काका, तो काढा."

"काढून काय लावू?"

"काही लावू नका."

काकांनी भोपळा काढला. कार्ड बसतं ती जागा मोकळी झाली, नुसत्या सोनेरी टाचण्या वर बघत उभ्या. मी पुन्हा बटण दाबलं. एकेक ओळ हिरवी होत गेली आणि रिकाम्या जागेवर बेंचनं आम्हाला ठणठणीत 'पास' देऊन टाकलं.

काकांनी वाकून टाचण्या निरखल्या. "म्हंजे इतके दिवस आपण काय तपासत हुतो?"

दसऱ्यापासून आम्ही काहीही तपासलं नव्हतं. माल पुण्याला गेला होता, तिथून पेट्यांमध्ये बसून तो दवाखान्यांत जायचा, आणि त्या प्रत्येक खोक्यावर माझी सही होती. मला राग आला. असा राग, की मी कोठावदेकडे न जाता थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसले.

बागूल साहेब कमी बोलायचे. पन्नाशी उलटलेला, जाड काचांचा चष्मा घातलेला माणूस, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग "बघू" म्हणायचा. मी सगळं सांगितलं. आवाज नाही इथपासून रिकाम्या जागेपर्यंत.

"कुणी केलं असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्राम कुणाचा आहे साहेब?"

"मी तुम्हाला विचारलं."

"कोठावदेचा. कायम व्हायला हवं, माल जायला हवा. दुसऱ्या कुणाला गरज काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बोलवा त्याला. बेंचपाशीच भेटू."

कोठावदे आला तो हसत आला. आमचे चेहरे बघून त्याचं हसू विरलं. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. रिकामी जागा पुन्हा पास झाली.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

कोठावदेनं खुर्ची ओढली, प्रोग्रामच्या मांडणीचं पान उघडलं. सेशन उघडताना प्रोग्रामला काय काय सांगायचं ते तिथे असायचं. मॉड्यूल कोणतं, सुरुवातीला रिले सोडवायचे का, आणि सगळ्यांत खाली 'सिम्युलेट', म्हणजे सोंग आणायचं का. त्या चौकोनात बरोबरची खूण होती. ती खूण असली की प्रोग्राम मॉड्यूलला हात लावत नाही, मीटरला काही विचारत नाही. यंत्र जोडलेलं आहे आणि सगळं आलबेल आहे असं धरून स्वतःच्या मनचे आकडे देतो. यंत्राशिवाय प्रोग्राम शिकायला, दाखवायला ती सोय असते.

"हे चालू कसं राहिलं?" कोठावदे पुटपुटला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"राहिलं?" मी लगेच पकडलं. "म्हणजे चालू तूच केलं होतंस!"

"हो, पण ते नवमीला. सगळ्यांसमोर."

"कोण सगळे? मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही रजेवर हुता बाई," काका मध्ये पडले. "त्याला नका बोलू, म्याच सांगितलं हुतं त्याला. पूजा झाली आन तासाभरानं पुण्याची माणसं आली, म्हणं नवा प्रोग्राम दाखवा. पूजा झालेलं यंत्र मी कसं चालवू देऊ? दसरा उजाडेपर्यंत त्याला इसावा द्यायचा असतो. साहेबबी अडून बसले, दाखवायचंच. तवा हा पोरगा म्हणला, काका, यंत्र झोपू द्या, नुसतं चालल्यासारखं दिसंल, असं करतो."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. "पाहुण्यांनाही तसं सांगूनच दाखवलं होतं."

"मग नंतर काढलं का नाही?" मी कोठावदेला विचारलं. आवाज चढलाच माझा.

"मॅडम, सोंग चालू असलं की कोपऱ्यात लाल अक्षरं येतात. मीच ठेवलीत, कुणी विसरू नये म्हणून. मी त्याच संध्याकाळी गावी गेलो. परत आलो तेव्हा बेंच चालू होता आणि लाल अक्षरं नव्हती. मला वाटलं, काकांनी खूण काढली."

"मला वाटलं ह्यानं काढली," काका म्हणाले. "मी बी लालच बघत हुतो. न्हाई दिसलं, म्हणलं झालं."

"लाल अक्षरं कुठे येतात?" साहेबांनी विचारलं.

"उजव्या कोपऱ्यात, वर," कोठावदे म्हणाला, आणि आम्ही चौघंही त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.

पुसायला कुणीच पुढे होईना. शेवटी काकांनीच हात जोडले, तोंडातल्या तोंडात क्षमा मागितली आणि अंगठ्यानं टिळ्याची खपली खरवडली. हळद, कुंकू, गंध यांच्या थराखालून बारीक लाल अक्षरं निघाली. दसऱ्यापासून ती तिथेच लुकलुकत होती आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोरून भक्तिभावानं जा-ये करत होतो.

वाटेल की इथे माझा संशय फिटला असेल. छे. चूक कशी झाली हे पटलं, पण ती चुकूनच झाली हे मला पटेना. पूजेचा टिळा कुणी पुसणार नाही हे ज्याला माहीत, त्याला तो टिळा किती सोयीचा! माझं डोकं असंच चालतं, त्याला माझा इलाज नाही.

"पुण्याला फोन करायला हवा साहेब," मी म्हटलं. "पेट्यांमध्ये कार्डं बसायच्या आत."

साहेब एकदा माझ्याकडे आणि एकदा कोठावदेकडे बघत होते.

"याबद्दल कुणीही कुणाशी बोलायचं नाही," ते म्हणाले. "आपापल्या कामाला लागा."

"पण साहेब, पुणं..."

"बघू."

त्या 'बघू'नं माझी रात्र नासवली. साहेबांचं 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'सोडा' असायचं. पंख्याची जागा बदला म्हणून मी वर्षभर मागे लागले होते, तिथेही 'बघू'च. आता माझी खात्री झाली की हे प्रकरण दाबणार. भोपळा लावू नका म्हणणारेही तेच, कुणाशी बोलू नका म्हणणारेही तेच. कुठल्या तरी दवाखान्यात पेटी तापत जाईल आणि हीटर बंद होणार नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. नवरा म्हणाला, "अगं, झोप आता." मी त्याच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेरच्या टपरीवर कोठावदे एकटाच उभा दिसला. हातातला चहा तसाच, साय धरलेला.

"मॅडम, साहेबांनी पुण्याला कळवलं असेल का?"

"तुला काय वाटतं?"

"नसेल कळवलं." तो खाली बघत होता. "काल संध्याकाळी मी विचारायला गेलो. म्हणाले, तुझं काम कर."

"मग?"

"मग काय... मी करू का फोन?"

मी नुकताच घेतलेला चहाचा कप खाली ठेवला. "काय सांगशील?"

"खरं तेच. नाव विचारतीलच. प्रोग्राम माझा, खूण मी लावली, काढायचं बघितलं नाही. साहेबांना न विचारता फोन केला म्हणून कायम तर होणार नाहीच." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "तिच्या वडलांना सांगायचं कसं हाच प्रश्न आहे."

मी त्याच्याकडे बघत होते. खोटं बोलणाऱ्याची मान, हात, डोळे मला कळतात असं मी समजायचे. त्या क्षणी मात्र त्याच्याविरुद्ध डोक्यात जमवलेलं काहीच मला आठवेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याची काळजी वाटली, आणि थोडी माझीही. न विचारता फोन केल्याबद्दल माझीही नोकरी जाऊ शकत होतीच.

"लाव," मी म्हटलं. "मी आहे इथे."

पुण्याच्या कंपनीत आमचा माल उतरवून घेणाऱ्या शिरगोपीकर मॅडम होत्या. कोठावदेनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅडम, नाशिकहून यशोधन कोठावदे बोलतोय. दसऱ्यानंतर पाठवलेल्या कार्डांबद्दल सांगायचं होतं. ती वापरू नका. ती तपासलेलीच नाहीत. चूक माझ्याकडून झाली आहे."

"कळलंय मला," शिरगोपीकर मॅडम म्हणाल्या. "बागूल साहेबांचा फोन काल दुपारीच आला. खोकी उघडलीसुद्धा नाहीत आम्ही. चूक कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, माझं नाव लिहा."

कोठावदेनं माझ्याकडे बघितलं.

"एक विचारू का?" पलीकडून आवाज आला. "तुम्ही एकटेच आहात की सोबत कुणी आहे?"

"गायधनी मॅडम आहेत."

"दोघं एकत्र. बरं, मी कळवते त्यांना."

"कुणाला?" मी विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

आम्ही गेटमधून आत शिरलो तेव्हा शिपाई उभाच होता. साहेबांनी दोघांना बोलावलं होतं. केबिनमध्ये जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट, की साहेब आता चिडणार. आपल्या हाताखालच्या माणसांनी आपल्यावर संशय घेतला, हे कुणाला आवडेल? मी माफीची वाक्यं जुळवून ठेवली.

"बसा," साहेब म्हणाले. चिडलेले दिसत नव्हते. रात्री न झोपलेले मात्र दिसत होते.

"साहेब, आम्हाला वाटलं की तुम्ही..."

"मी दाबणार. वाटू दे, वाटायलाच हवं होतं." ते कोठावदेकडे वळले. "सोमवारी ऑफिसातून पत्र घेऊन जा. कायम झालास. आणि टेबलावर बसून बुद्धिबळ खेळणं बंद कर."

कोठावदे उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच बरं वाटलं. मी म्हटलं, "मग काल आम्हाला सांगितलं का नाही साहेब, फोन केल्याचं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"काल काका टिळा खरवडत होते ना," साहेब सावकाश म्हणाले, "तेव्हा मी ती लाल अक्षरं बघत नव्हतो, तुम्हा दोघांची तोंडं बघत होतो. कोठावदेचं उतरलं होतं. तुमचं नाही. तुम्हाला बरं वाटलेलं दिसत होतं."

"मला?"

"याच जागेसाठी तुमचा मावसभाऊ आला होता मुलाखतीला. तुम्हीच आणलं होतं त्याला. आपण कोठावदेला घेतलं."

ते मी विसरूनच गेले होते. खरंच विसरले होते.

"नवमीला बरोबर तुम्ही रजेवर," साहेब बोलत राहिले. "दसऱ्यानंतरच्या प्रत्येक खोक्यावर सही तुमची. एक कार्ड नापास होत नाही आणि सीआयडी गप्प! आणि बरोबर याला कायम करायच्या आठवड्यात चूक सापडली, तीही तुम्हालाच. कुणी केलं असं विचारलं तर एका दमात याचं नाव. तुमच्यासमोर हे असं सगळं आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता गायधनी मॅडम?"

मी काय म्हणाले असते हे मला पक्कं ठाऊक होतं.

"म्हणून मी शिरगोपीकर बाईंना सांगून ठेवलं, की आमच्याकडून कुणाचा फोन आला तर कळवा. एकट्या तुमचा आला असता, याचं नाव सांगायला, तर..." ते थांबले. "दोघांचा मिळून आला. विषय संपला. जा आता कामाला. ती खोकी परत मागवली आहेत, सगळी पुन्हा तपासायची आहेत."

खोकी पुढच्या आठवड्यात आली. त्यातली सहा कार्डं नापास निघाली, आणि एका कार्डावर पेटी कितीही तापली तरी हीटर बंद होत नव्हता. ते मी हातात धरून बराच वेळ बसले होते. पण ते पुढचं.

त्या सकाळी केबिनबाहेर आल्यावर मी जिन्याच्या कठड्याला टेकले. आधी नुसता राग आला. माझ्यावर? इतकी वर्षं प्रत्येक कार्ड, प्रत्येक टाका, प्रत्येक माणूस मी पारखत आले, आणि मला कुणीतरी पारखत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी मांडलेल्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त त्याचं उत्तर, आणि ते खोटं आहे हे एकट्या मला माहीत होतं. ते कुणाला कसं पटवून द्यायचं याचा काही मार्ग मला दिसत नव्हता.

कोठावदे दोन पायऱ्या खाली थांबला होता. खिशातून फोन काढला होता त्यानं, तिला कळवायला. पण नंबर न लावता तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, साधा प्रश्न होता.

"कसं वाटतं, मॅडम?"

"वाईट," मी म्हटलं. "फार वाईट वाटतं रे."

"हो ना," तो म्हणाला, आणि फोन लावायला खाली निघून गेला.